पाटण्याचा तळ हलतो तेव्हा

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी पाटणे नावाचं गाव आहे. तिथल्या ओढ्याकाठी उभे राहा आणि समोरचं एकेक पुसत चला. विजेचे खांब, डांबरी सडक, कपाशीची शेतं. चंडिकादेवीचं देऊळ. भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद असलेला शिलालेख. डोंगरातली पितळखोऱ्याची लेणी पुसली की तिथला कातळ पुन्हा अखंड होतो. लोखंड गेलं, तांबं गेलं, बैलाच्या मानेवरचं जू गेलं, मडकं गेलं. मडकं जाताना मात्र नीट बघून घ्या, पुढे त्याची उणीव तुम्हाला फार भासणार आहे. आता तुम्ही आजपासून सुमारे २५,००० वर्षं मागे आला आहात.

पहिली जाणवते ती हवा, कोरडी आणि गार. हिमयुगाचा सगळ्यात कडक काळ सुरू झाला आहे. खानदेशात बर्फ नाही, पण दूर उत्तरेकडे साठलेल्या बर्फाने इथला पाऊस ओढून घेतला आहे. मोसमी वारे दुबळे झाले आहेत. डोंगरउतारावर दाट जंगल शोधू नका. बोरीबाभळीची काटेरी झाडी, मध्येमध्ये मोकळं गवताळ रान आणि ओढ्याच्या कडेने तेवढी हिरवी रेघ. समुद्र कोकणपट्टीला लागून नाही, त्याची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली आहे आणि किनारा शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला सरकला आहे. तुम्ही ज्याला मुंबई म्हणता तिथे उभं राहिलं तर लाट दिसणार नाही.

लांब गवतात काहीतरी उंच हलतं. मानेवरून वाटतं माणूस, मग पाय दिसतात. शहामृग! हो, महाराष्ट्रात. त्यांच्या अंड्यांची कवचं पाटण्याच्या मातीत मिळाली आहेत. भारतात इतर ठिकाणी सापडलेल्या अशाच जुन्या कवचांमधला डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासला आणि ती शहामृगाचीच असल्याचं २०१७मध्ये दाखवून दिलं.

धुराचा वास येतो तिकडे वळा. ओढ्याच्या वळणावर पंचवीसेक माणसं आहेत. चार-पाच शेकोट्या, फांद्या वाकवून वर गवत टाकलेले आडोसे, कातडी वाळत घातलेली. एक बाई गुडघ्यावर गारगोटीचा गाभा धरून त्याच्यावरून लांब, अरुंद पाती उडवते आहे. ठोका पडतो आणि प्रत्येक वेळी पातं सारखंच निघतं. शेजारी एक पोरगा तेच करू बघतो, त्याचे तुकडे वेडेवाकडे पडतात, आणि ती त्याचं मनगट धरून हाताचा कोन बदलते. ही माणसं अर्धवट मानव नाहीत. त्यांचं शरीर, त्यांचा मेंदू, त्यांची भाषा बोलण्याची क्षमता तुमच्याइतकीच पुरी आहे. आपली जात पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षं आहे आणि त्यातली शेतीची वर्षं जेमतेम अकरा-बारा हजार. बाकीचा बहुतेक काळ आपण असेच राहिलो. का, हे विचारायला तुम्ही आला आहात. उत्तर कुणी सांगणार नाही. इथे राहून बघावं लागेल.

दोन दिवसांनी तुमच्या लक्षात येतं की तळ हलवायची बोलणी चालली आहेत. तुम्ही चक्रावता. पाणी आहे. बोरं अजून झाडाला आहेत. काल घोरपड मिळाली, परवा काळवीट. मग निघायचं कशाला?

तळावरच्या एका म्हातारीबरोबर कंद खणायला जा, म्हणजे कळेल. तिच्या हातात आगीवर टोक कडक केलेली काठी आहे. मुक्कामाला आले तेव्हा हाकेच्या अंतरावर मनगटाएवढे कंद निघत होते. आता जवळच्या उतारावर नुसते खड्डे दिसतात. आज तुम्ही सूर्य डोक्यावर येईपर्यंत चालत राहता, मग खणता, मग ओझं घेऊन तेवढंच परत येता. कंद अजून आहेत, पण त्यांच्यातला बराचसा जोर आणण्यातच खर्च होतो. बाकीच्या बायकांचंही तेच. पुरुषांनाही काळवीट दिसतं, पण आता ते माणूस बघून लांबूनच पळतं. म्हातारी टोपलीकडे बघते, उन्हाकडे बघते आणि काहीतरी बोलते. बाकीच्या मान डोलावतात.

इथे कुणी उपाशी नाही आणि तरी निघायची वेळ झाली आहे. सगळं संपल्यावर निघणारा माणूस उपाशीपोटी चालतो, लहान मुलांना घेऊन चालतो आणि पुढच्या पाणवठ्यावर थकून पोचतो. शिवाय पार ओरबाडून काढलेलं रान लवकर भरून येत नाही. थोडं मागे सोडून गेलं तर परतल्यावर काही हाती लागतं. पाटण्याच्या मातीत एकावर एक थर आहेत. मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे हजारो वर्षं, माणसं या ओढ्याकाठी येत राहिली. दिशा हरवलेली माणसं अशी त्याच जागी पुन्हा पुन्हा येत नाहीत. यांच्या डोक्यात सबंध मुलूख आहे: कोणता डोह कधीपर्यंत टिकतो, कोणत्या ओढ्याच्या वाळूत झिरा खणला की पाणी लागतं, मोहोळं कोणत्या कड्याला असतात. आपण ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं कीव करून म्हणतो. इथे तशी कीव करायला मला जागा दिसत नाही.

हाच हिशेब आपल्या काळात कुणीतरी शेजारी बसून मोजलेला आहे. रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने १९६३-६४मध्ये आफ्रिकेतल्या कलाहारीत डोबे इथे जुहोआन्सी लोकांबरोबर राहून कोण किती चालतं, काय आणतं, किती खातं याच्या नोंदी केल्या. ती माणसं पाणवठ्यापासून साधारण १० किलोमीटरच्या आत दिवसाची ये-जा करत, आणि त्या टापूतलं चांगलं अन्न सरलं की मुक्काम हलवण्याचा विचार सुरू होई. अन्न मिळवण्यात त्यांचे आठवड्यातले सरासरी अडीचएक दिवस जात. या आकड्याने तेव्हा मोठी खळबळ उडाली, कारण रानातला माणूस सदा भुकेच्या मागे धावतो अशीच सगळ्यांची समजूत होती. पुढे लीने स्वयंपाक, अवजारांची दुरुस्ती, सरपण हेही धरून हिशेब केला तेव्हा तो आठवड्याला ४० तासांच्या पुढे गेला. म्हणजे आरामाचा स्वर्ग नव्हता, पण अखंड उपासमारही नव्हती. पाटणे म्हणजे कलाहारी नव्हे, हे ध्यानात ठेवू. तरी चालणाऱ्या पायांचा आणि रिकाम्या होणाऱ्या रानाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच असणार.

तुम्ही शेतकऱ्यांचे वंशज, त्यामुळे तुमच्या मनात एक प्रश्न वळवळतोच: साठवून का ठेवत नाहीत? पेरत का नाहीत?

काय पेरणार? ज्वारी आफ्रिकेत माणसाळली आणि आपल्याकडे यायला तिला अजून वीस हजार वर्षं तरी आहेत. बाजरीचंही तसंच. गहू आणि जव पश्चिम आशियात रानगवतं म्हणून उभे आहेत. इथल्या गवताचं कणीस हातात घेऊन चोळा. दाणे बारीक, आणि पिकले की वाऱ्याच्या झुळकीसरशी जमिनीवर सांडतात. माणूस येईपर्यंत कणसात थांबणारा दाणा हा पुढे माणसानेच, नकळत, पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवला. वर हवेतच कार्बन डाय-ऑक्साइड कमी आहे, दहा लाखात १९०च्या आसपास. आज तो ४२०च्या वर आहे. त्यामुळे झाडंझुडपं सावकाश वाढतात. ग्रीनलंडच्या बर्फात साठलेल्या नोंदी सांगतात की हिमयुगातलं हवामान काही दशकांत उलटंपालटं होत असे. पेरलेल्या शेताला पुढच्या वर्षी साधारण असाच पाऊस पडेल एवढी खात्री लागते. ती खात्री इथे नाही. पीटर रिचर्सन, रॉबर्ट बॉइड आणि रॉबर्ट बेटिंगर या अभ्यासकांनी २००१मध्ये मांडलं की हिमयुगात शेती जवळजवळ अशक्यच होती. सगळ्यांना ते मान्य नाही, पण या कोरड्या ओढ्याकाठी उभं राहिल्यावर मला ते पटतं.

आणि साठवणार कशात? मडकं तुम्हीच मघाशी पुसलंत. काळवीटाचं मांस खानदेशच्या उन्हात किती टिकेल? कंद मातीतच चांगले राहतात. थोडंफार वाळवून कातड्यात बांधता येईल, पण मग त्या गाठोड्याची राखण आली, मुंग्या आल्या, अस्वलं आली, आणि ते उचलून न्यायचं ओझंही आलं.

जिथे अन्न एकाच जागी ढिगाने येत होतं तिथे माणसं शेती नसतानाही स्थिरावली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आजच्या इस्राएलमधल्या ऐन मल्लाहा इथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वी शिकार करणाऱ्या, रानातलं वेचणाऱ्या माणसांनी दगडी पायाची गोल घरं बांधली. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर दर वर्षी नद्यांत चढणारा सामन मासा धुरावर वाळवून लोक मोठमोठ्या लाकडी घरांत राहत. तिथे सरदार होते, गुलामही होते. घर बांधायची अक्कल माणसाला शेतीने दिली असं काही नाही. पाटण्याच्या ओढ्यात सामन चढत नव्हता, एवढंच.

सकाळी तळ उठतो. बघा, काय बरोबर घेतात. खणायच्या काठ्या, भाले, कातडी, गारगोटीचे घडवायला काढलेले गाभे, डिंकाचा गोळा, विस्तव जपून न्यायची सोय. जड दगड तिथेच राहतात. पुन्हा आल्यावर ते सापडतील, त्यांना कोण चोरणार? तुमच्या खांद्यावरही एक गाठोडं येतं. तासाभरात त्यातली कोणती वस्तू फेकून द्यावी याचा विचार तुम्ही करू लागता. त्या विचारातच या जगण्याची अर्धी रीत आहे. इथे कुणी कुणापेक्षा फार श्रीमंत होऊ शकत नाही, कारण श्रीमंती उचलून न्यावी लागते.

सगळ्यात मोठं ओझं मूल. एक बाई एक पोर कडेवर आणि टोपली पाठीवर घेऊन चालते आहे. दोन पोरं उचलून ती चालू शकणार नाही. जुहोआन्सींमध्ये दोन बाळंतपणांत साधारण चार वर्षांचं अंतर असे. मूल तीन-चार वर्षं अंगावर पीत असे आणि त्याने पुढची गर्भधारणा लांबत असे. स्थिर वस्तीत ते अंतर घटलं आणि माणसांची संख्या वाढली. तुमच्यासारखे कोट्यवधी लोक त्या घटलेल्या अंतरातून आले आहेत.

वाटेत एक नीलगाय पडते. मांस वाटलं जातं आणि मारणाऱ्याला मोठा वाटा मिळत नाही, उलट त्याने मिरवलेलं कुणाला आवडत नाही. जुहोआन्सींमध्ये तर ज्याचा बाण लागला त्याचं मांस, आणि बाण एकमेकांना उसने दिलेले असत, त्यामुळे म्हातारा किंवा चांगला नेम नसलेलाही वाटणी करणारा होऊ शके. आज तुझ्या हाताला मिळालं, उद्या माझ्या. टिकणार नाही ते मांस वाटून टाकण्यात शहाणपण आहे, आणि ज्याला वाटलं तो ते विसरत नाही. भांडणाचीही अशीच तजवीज. दोन भावांचं बिनसलं तर एक जण आपल्या बायकामुलांना घेऊन बायकोच्या नातलगांच्या तळावर जातो. पुढच्या पावसात पुन्हा एकत्र. ज्याची जमिनीत विहीर आणि शेत रुतलेलं आहे त्याला असं उठून जाता येत नाही.

आता त्या कवचाकडे या. संध्याकाळी एक मुलगी शहामृगाच्या अंड्याचा तुकडा घेऊन बसली आहे. ते अंडं दीडएक किलोचं, दोन डझन कोंबडीच्या अंड्यांएवढं. आतलं खाऊन झालं, कवच उरलं. कलाहारीत अशा कवचांना भोक पाडून त्यात पाणी साठवून नेत. इथेही तसं झालं असेल. पण ही मुलगी दगडी टोच्याने कवचाच्या बारक्या तुकड्याला भोक पाडते आहे. मग ती असे तुकडे दोरीत ओवेल, दगडावर घासून गोल करेल. एका मण्याला किती वेळ! आणि तिच्या शेजारचा पुरुष दुसऱ्या तुकड्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा कोरतो आहे. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा कवचाचे मणी आणि असा कोरलेला तुकडा त्यांच्या हाती लागला. भारतातल्या सगळ्यात जुन्या कलावस्तूंमध्ये त्याची गणना होते. जळगाव जिल्ह्यातल्या किती मुलांना आपल्या गावाजवळची ही गोष्ट शाळेत सांगितली जाते? मला वाटतं, ती पहिल्या धड्यात असायला हवी.

ज्यांना गाठोड्यातला प्रत्येक दगड जड होतो ती माणसं एवढे कष्ट करून मणी का बनवतात? मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी कलाहारीत याचंच उत्तर शोधलं. जुहोआन्सी माणसं शहामृगाच्या कवचाच्या मण्यांचे दागिने आयुष्यभर एकमेकांना देत-घेत राहत. देण्याघेण्याचे हे सोबती कधी शंभर-दोनशे किलोमीटरवरचे असत. भेट ठेवून घ्यायची नसे, पुढे द्यायची असे. १९७४मध्ये रानातलं अन्न बुडालं तेव्हा विस्नर होत्या त्या वस्तीतली जवळपास निम्मी माणसं दूरच्या अशा सोबत्यांकडे राहायला गेली. मणी पुढे गेले होते म्हणूनच त्यांच्या मागून माणसांना जाता आलं.

पाटण्याचे मणी कुणी कुणाला दिले याचा पुरावा मातीत राहत नाही. तरी मी पुराव्याच्या एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की त्या मुलीच्या हातातला मणी तिच्या गळ्यापुरता नाही. पुढच्या पाणवठ्यावर दुसरी टोळी आहे. तिथे तिची आत्या असेल, उद्या तिचं सासर असेल. ज्या वर्षी सातमाळ्यात पाऊस पडला नाही त्या वर्षी तापीकाठच्या माणसांनी ‘या’ म्हणायला हवं. या माणसांनी धान्य साठवलं नाही. साठवली ती ओळख.

या जगण्याची किंमतही बघून जा. शेवटच्या चढाला एक म्हातारा मागे पडतो. दोघं तरुण त्याला आळीपाळीने पाठीवर घेतात. आज घेतात. दुष्काळाच्या वर्षी, पाणी दोन दिवसांवर असताना, काय करतील ते तुम्ही विचारत नाही. ज्या बाईच्या कडेवर मूल आहे तिची याआधीची दोन मुलं वाटेवर कुठेतरी पुरलेली आहेत. आधुनिक काळात अभ्यासलेल्या अशा समाजांचे आकडे सांगतात की जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे पाव मुलं पहिल्याच वर्षी आणि जवळपास निम्मी तारुण्याच्या आत दगावत. जी मोठी होत त्यांच्यातली पुष्कळ साठी-सत्तरीपर्यंत जगत. ती म्हातारी अशीच एक. तिच्या डोक्यात साठ उन्हाळे आहेत, आणि कोणत्या उन्हाळ्यात कोणता झिरा आटला नाही हे सांगणारी ती एकटी आहे.

परतताना थेट घरी येऊ नका. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी, सुमारे ३,००० वर्षांपूर्वी एकदा उतरा. हे इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८पासून पुढे पंधराएक वर्षं ते खणून काढलं. मघाशी पुसलेलं मडकं इथे पुन्हा भेटतं. नुसतं भेटत नाही, सगळीकडे तेच आहे. रंगवलेली भांडी, धान्याच्या कणग्या, चौकोनी घरं, शेतीसाठी पाण्याचा पाट. जव पिकतो, गुरं आहेत. पोटची पोरं इथेही मरतात, आणि त्यांना दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून घराच्याच जमिनीखाली पुरतात. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावलं तोडतात.

तुम्ही पोचलात तेव्हा पाऊस घटू लागला आहे. इ. स. पू. १०००च्या पुढच्या थरांत चौकोनी घरं मागे पडतात आणि छोट्या गोल झोपड्या दिसू लागतात. शेती आक्रसते, शिकार वाढते. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की इनामगावची माणसं पुन्हा अर्धी भटकी झाली. बी राखायला येत होतं, पाट खणायला येत होता, कुंभाराचं चाक माहीत होतं, आणि तरी त्यांनी गुरं पुढे घातली. इथे किती उरलं आहे, चारा कुठे असेल, त्या वाटेवर आपलं कोण राहतं, असं एकमेकांना विचारत ती घोड नदीच्या काठाने निघाली.